मामाची विहीर

स्नेहल : …माझी बॅग दे इकडं. साडेपाचची बस निघून जाईल.

शिवकन्या : थांब की गं. केस ओले हायत तुझे. अप्पा यायलेत, तिघं गाडीवर जाऊ गावापर्यंत.

स्नेहल : नक्को. खेळाडूच्या गाडीवर मी कामून बसू?

शिवकन्या : असं बोलू नकोस ना.

स्नेहल : मग कसं बोलू? सिद्धलिंग सरांनी बेंगळूरच्या सामन्याला जायची आठ नावं वाचली. सातवं शिवकन्या. आठवं माझंच असणार म्हनून मी उभी राहिले बी, आन् नाव निघालं दुसरीचं. समद्या पोरी बघायल्या. उभं राहिलेलं माणूस परत खाली बसतंय ते किती वंगाळ दिसतंय, तुला काय कळणार?

शिवकन्या : मला वाईट वाटलं.

स्नेहल : काय वाईट वाटलं न्हाई. गालात हसू मावत नव्हतं तुझ्या. मी बघितलं.

शिवकन्या : आलं थोडं हसू. माझं नाव आलं तर काय रडू?

स्नेहल : ह्या क्लबाचा कागद हुमनाबादच्या बसस्टँडवर कुणी वाचला? मी. 'कनू पोलो.' तू म्हनलीस, घोड्यावरचा खेळ असंल, आपल्याला कोण घोडा देतंय.

शिवकन्या : व्हय, म्हनले.

स्नेहल : पाच जणी इकडं, पाच तिकडं, एकेकीला एकेक होडी, आन् चेंडू मारायचा वर टांगलेल्या जाळीत, हे सरांच्या आधी तुला मी सांगितलं. मोबाईलवर बघून बघून. एकटीला यायला कसंतरी वाटायलं म्हनून तुला ओढत आणलं. एकटीच आले असते तर बरं झालं असतं.

शिवकन्या : तो रबरी स्कर्ट बांधायला पण तूच शिकवलीस.

स्नेहल : मग! पहिल्या दिवशी उलटा घालून बसलीस. कंबरेला घालून होडीच्या भोकावर ताणायचा, तेवढं बी कळंना तुला. महिनाभर चेंडू हातात थांबत नव्हता. आन् आता आठातली एक.

शिवकन्या : सरांनी कारण सांगितलं की.

स्नेहल : काय कारण? पोहायला मी कच्ची हाय? अख्ख्या क्लबात माझ्यासारखं पोहणारी एक आणून दाखव.

शिवकन्या : तेच तर.

स्नेहल : तेच तर मंजी?

शिवकन्या : होडी उलटली की तू स्कर्ट ओढतीस आन् बाहेर निघतीस. एका दमात काठाला. आज चारदा उलटलीस, चारदा बाहेर. होडीतून बाहेर आलं की खेळातून बी बाहेर, तसा नियमच हाय.

स्नेहल : डोकं खाली, पाय वर, नाकात पाणी. माणूस बाहेर येणार न्हाई तर आत बसून भजन करंल का?

शिवकन्या : मी बसते.

स्नेहल : लई शहाणी तू.

शिवकन्या : शहाणी न्हाई गं. मला भ्या वाटतंय बाहेर यायला. उघड्या पाण्यात धरायला काय असतंय? आत असलं की निदान होडी तरी असती. म्हनून उगं आतच राहते, वल्हं सोडत न्हाई, कंबरेतून एक हिसका देते की होडी सरळ. तुला पाण्याचं भ्याच न्हाई, मग तू कामून थांबशील आत?

स्नेहल : वा! भित्री बेंगळूरला आन् मी घरी.

शिवकन्या : मी काय करू त्याला?

स्नेहल : काय करू नकोस. मी तुझ्यावर जळायलेय, एवढं ऐक. उगं गोड बोलून काय उपयोग? तुझं नाव ऐकलं तवा मनात आलं, हिला जायच्या आधी ताप यावा. चांगला आठ दिवसाचा.

शिवकन्या : स्नेहल!

स्नेहल : आलं मनात, काय करू? पाण्यात तुला उतरवली कुणी? दगडासारखी बुडायचीस. पाठीला तेलाचा डबा बांधून, हनुवटीखाली हात धरून, दोन उन्हाळे घालवले मी तुझ्यावर. दुपारी तुमच्याकडं समदे झोपले की तू चोरून यायचीस. जाऊ दे. गुरुवारी पेपरवाला आलता ना, त्यानं तरी इचारलं असंल, पोहायला कुठं शिकलीस म्हनून.

शिवकन्या : इचारलं.

स्नेहल : मग?

शिवकन्या : अप्पा आले बघ.

(शिवकन्याचे वडील गुरुशांतप्पा मोटारसायकल लावून तलावाच्या काठाशी येतात. हातात घडी घातलेला पेपर.)

गुरुशांतप्पा : काय पोरींनो, पुरं करा की आता पाणी. स्नेहल, बघ, हिचा फोटो आलाय. कन्नड पेपर हाय, थांब, मीच सांगतो. 'होडीत बसून चेंडू खेळणाऱ्या मुली.' आन् हे खाली बघ. 'मी पोहायला मामांच्या विहिरीत शिकले, असं शिवकन्या म्हणाली.'

स्नेहल : मामांच्या विहिरीत?

गुरुशांतप्पा : हौ. रेवणप्पा, हिचा मामा. सकाळीच फोन लावलो त्याला, म्हनलो, तुझ्या विहिरीचं नाव काढलं बघ पोरीनं. तर तो काय म्हनतो? भावजी, माझी विहीर आटून पाच वर्षं झाली, तळाला बोरी उगवल्यात!

शिवकन्या : अप्पा…

गुरुशांतप्पा : मी म्हनलो, नीट आठव की रे. तो म्हनतो, उतरून बघू का? आता तूच सांग अव्वा, बोरीच्या काट्यात पोहलीस का काय?

स्नेहल : काका, मी सांगू?

गुरुशांतप्पा : तुला ठाव हाय? सांग की.

स्नेहल : न्हाई, तीच सांगंल. पेपरात बोलायची सवय झालीय तिला.

शिवकन्या : असं तोडून नको बोलू गं.

स्नेहल : यादीचं सरांच्या हातात होतं. हे तर तुझ्या तोंडात होतं, शिवकन्या. माझं नाव घ्यायला काय झालतं तुला?

शिवकन्या : अप्पा, मी खोटं सांगितलं. हिच्या विहिरीत शिकले मी. हिनंच शिकवलं.

गुरुशांतप्पा : कुठली विहीर?

शिवकन्या : भीमनगरच्या मागची. राजपाल काकांची.

गुरुशांतप्पा : आन् घरात कुणाला सांगितलं न्हाईस.

शिवकन्या : सांगितलं असतं तर आजीनं अंगणातच डोक्यावरून पाणी घातलं असतं. कापडं बी आत आणू दिली नसती. तुम्ही काय बोलला नसता. पेपर वाचत बसला असता.

गुरुशांतप्पा : पोटात पाणी गेलं असंल.

शिवकन्या : शिकताना जातंयच की, अप्पा.

स्नेहल : निम्मी विहीर पिली तिनं, काका. गोड पाणी हाय आमचं. बघा, काय बी झालं न्हाई तिला. उलट यादीत नाव आलं.

शिवकन्या : हाण अजून टोमणे.

स्नेहल : टोमणे न्हाई तर काय करू? तू खरं सांगून मोकळी झालीस, आता मला चिडता बी येईना. नुसती जळत बसायची पाळी आली.

गुरुशांतप्पा : स्नेहल, ही भ्यायची का गं पाण्याला?

स्नेहल : लई. पायरी सोडायची न्हाई. रडायची.

गुरुशांतप्पा : मग कवा सोडली?

स्नेहल : दुसऱ्या उन्हाळ्यात. डबा काढला आन् ह्या काठाहून त्या काठाला गेली, एकटी. माझे बाबा वर भाजीला पाणी द्यायले होते. हातातला पाईप टाकून टाळ्याच वाजवायले ते. वाफे फुटून रानभर पाणी झालं, तरी ह्यांचं ध्यान हिच्याकडंच.

गुरुशांतप्पा : राजपाल होता तिथं.

स्नेहल : व्हय. डोळे बी पुसले त्यांनी. मी शिकले तवा नुसतं 'बरं' म्हनलेते.

गुरुशांतप्पा : तिथं मी असायला पायजे होतो. माझी पोर हाय ती.

शिवकन्या : आला असता का, अप्पा? त्या विहिरीवर?

गुरुशांतप्पा : न्हाई. न्हाई आलो असतो. म्हनूनच ते राजपालनं बघितलं.