मीनाक्षीचे डोळे

हाउन्सलोच्या बसमध्ये पुढच्या सीटवर कुणीतरी मराठी बोलत होतं, म्हणून श्रद्धाने इअरफोन काढले. एक आजोबा, आणि शेजारी पांढरी काठी धरलेल्या आजी.

“मदुराईला तीस वर्षांपूर्वीच जायला हवं होतं गं.”

“तेव्हा तुम्हाला हॉस्पिटलच्या नोकरीतून सुट्टी कुठे होती?”

“तेव्हा तुला दिसत होतं.”

“असू दे हो. आता गेलो ना? घंटा ऐकल्या, मोगऱ्याचा वास घेतला. पण खरं सांगा, देवीचे डोळे अगदी मासोळीसारखे आहेत?”

“ते वाचलेलं सांगितलं तुला, श्यामला.”

“म्हणजे?”

“तू तिच्यासमोर हात जोडून उभी होतीस. मला मान वर करवली नाही.”

“अगंबाई! म्हणजे एवढ्या लांब जाऊन दोघांनाही दिसली नाहीच.”