आतल्या मशीनमधली सोळाशे वाक्यं

ताई : अरे, पण आतला कॉम्प्युटर चालू आहे ना? ते सांग आधी.

बाळ्या : चालू आहे गं. हा बघ हिरवा दिवा. चालू आहे, पण आत घेत नाहीये.

ताई : सकाळपासून हेच चाललंय. आयकॉनवर क्लिक केलं की चक्र फिरत बसतं, आणि मग 'जोडणी होऊ शकली नाही'.

बाळ्या : किती वेळा केलंस?

ताई : चाळीसेक वेळा.

बाळ्या : चाळीस! अगं, कॉम्प्युटर आहे तो, रुसलेला नवरा नाही मनधरणी करायला.

ताई : थट्टा नको रे, बाळ्या. बाहेर काकू बसल्यात. गाडी शिकवणारे मास्तर आहेत ना, त्यांच्या मिसेस. गेल्या सोमवारी मास्तरांचं स्वरयंत्र काढलं. त्याआधी तीन आठवडे ते रोज इथे येत होते. या माईकसमोर बसून सोळाशे वाक्यं वाचली त्यांनी. आता टॅबवर टाइप केलं की टॅब त्यांच्याच आवाजात बोलेल, असं मी सांगितलंय त्यांना. माझ्या तोंडाने सांगितलंय.

बाळ्या : आणि ती सगळी वाक्यं आतल्यात?

ताई : मग कुठे असणार? माझं सॉफ्टवेअर जुनं, नव्या कॉम्प्युटरवर चालेना, म्हणून तूच ना याच्या पोटात दुसरा कॉम्प्युटर बसवून दिलास?

बाळ्या : दिला. नुसता प्रोग्रॅम आहे, पण स्वतःला जुनं मशीन समजतो बिचारा. बाहेर एखादी कॉपी तरी?

ताई : थेट बाहेर ठेवायला गेले की रेकॉर्डिंगला खरखर यायची. आणि वाक्यांपासून आवाज तयार व्हायला आठ दिवस लागतात. तो तयार झाला की सगळं एकदमच पेशंटला काढून देते मी. मास्तरांचं शेवटचं वाक्य त्या आधीच्या शनिवारी झालं. तेव्हापासून आत शिजायला ठेवलंय. मी रोज फक्त हिरवा दिवा बघून जात होते. उगीच मध्ये हात कशाला लावा.

बाळ्या : थांब, थांब. सापडलं. आतल्याला बाहेरचा कॉम्प्युटर एक नंबर देतो, घराच्या पत्त्यासारखा. तो बदललाय. तुझा आयकॉन जुन्या पत्त्यावर जाऊन कडी वाजवतोय. हा घे नवा. टाक पासवर्ड.

ताई : टाकला... उघडला! उघडला रे! गुणाचा माझा भाऊ तो. काकूंना बोलावू?

बाळ्या : जरा दम धर. पत्ता बदलला कशामुळे, ते कळू दे.

ताई : बाळ्या, इथे नावं का नाहीत?

बाळ्या : कुणाची?

ताई : पेशंटची. यादीच नाही. मास्तर नाहीत, कुणीच नाही. हे बघ ना, 'नवीन पेशंट जोडा' एवढंच म्हणतोय.

बाळ्या : फोल्डर उघड.

ताई : रिकामं आहे.

बाळ्या : हा बाहेरचा तू मध्ये बंद केला होतास का?

ताई : नाही रे बाबा! तीन वर्षांत एकदाही नाही. वीज गेली तरी इन्व्हर्टरवर चालतो. तूच बजावलं होतंस, बंद करायचा नाही म्हणून. स्विचवर चिठ्ठी चिकटवलीय बघ.

बाळ्या : मी बजावलं होतं?

ताई : तू नाही तर कोण? का, ते मी विचारलं नाही. तू म्हणालास, मी पाळलं.

बाळ्या : इतकी वर्षं पुढे ढकललेलं अपडेट शुक्रवारी पहाटे याने आपणहून घेतलंय. बंद होऊन परत चालू झालाय. अरे देवा.

ताई : काय झालं? बोल ना!

बाळ्या : तेव्हा पेशंटच्या पेनड्राइव्हमधून व्हायरस यायचे, आठवतं? महिन्यातून दोनदा तू मला बोलवायचीस. मी वैतागलो होतो. म्हणून आतल्याला सेटिंग करून ठेवलं, की बंद झाला की सगळं टाकून द्यायचं आणि पहिल्या दिवसासारखं कोरं उठायचं. रेकॉर्डिंगसाठी नीट जागा बाहेर करून देणार होतो. पुढच्या आठवड्यात येतो, तोवर बंद करू नकोस, असं म्हणालो होतो.

ताई : आला नाहीस.

बाळ्या : नाही आलो. डोक्यातून गेलंच.

ताई : मग आता काढ. तू पुसलेलं काढून देतोस ना लोकांना? लग्नाचे फोटो, काय काय. तसं काढ. रडू नकोस, काढ!

(दीड तासाने. त्याच खोलीत.)

बाळ्या : नाही ताई. ही चिपची डिस्क आहे, टाकलेलं स्वतःच झाडून काढते. वर शुक्रवारपासून त्याच जागेवर नवं लिहिलं गेलंय. तीनदा बघितलं.

काकू : येऊ का हो मॅडम? टॅब चार्ज करून आणलाय. यांनी पहिलं वाक्य कागदावर लिहून दिलंय. आल्या आल्या वाजवून दाखव म्हणालेत. म्हणालेत म्हणजे... लिहिलंय.

ताई : काकू, बसा.

काकू : बसून बसून कंबर धरली. द्या ना आता.

ताई : काकू, मास्तरांची वाक्यं पुसली गेली. आवाज नाही झाला तयार.

काकू : पुसली म्हणजे थोडी? सोळाशे होती.

बाळ्या : एकही राहिलं नाही, काकू. चूक माझी आहे. हिची नाही.

काकू : मग परत वाचतील ते, त्यात काय... बघा, काय बोलले मी. तोंडातून निघूनच गेलं.

ताई : घरी काही असेल? मोबाइलवर, कुठल्या समारंभात?

काकू : व्हिडिओ काढणारे तेच. 'जरा सरका' एवढंच ऐकू येतं मधूनमधून. तेवढ्यावर होईल?

ताई : नाही होत.

काकू : नाहीच होणार.

ताई : रागवा ना आमच्यावर. काहीतरी बोला, काकू.

काकू : काय बोलू? तुम्ही सांगितलं होतंत, घरी घसा जपा, इथल्यासाठी राखून ठेवा. ते जपत राहिले. तीन आठवडे घरात एक शब्द नाही. पाणीसुद्धा खुणेने मागायचे. मी चिडायचे, मुके झालात का आत्ताच म्हणून. इथेच, याच हॉस्पिटलात ऑपरेशनला आत नेताना म्हटलं, अहो, आता तरी बोला माझ्याशी. तर हसले आणि नुसता हात केला.

ताई : हात केला?

काकू : इकडे. तुमच्या या खोलीकडे. तिथे ठेवलंय सगळं, म्हणून.