झिरो टिकिटाचा फोटो

बोथहून आदिलाबादला जाणाऱ्या बसमध्ये माझ्या मागच्या बाकावर दोघी मैत्रिणी खिदळत होत्या. त्यांतल्या अश्लेषाच्या, राजकुमारशी ठरलेल्या लग्नाच्या पत्रिका छापायला टाकायच्या होत्या.

“नीले, पाय! पुन्हा राजकुमारचा मेसेज. बायांच्या फुकटच्या झिरो टिकिटाचा फोटो मांगून राह्यला.”

“काऊन?”

“कोन्या टायमाले, कुठून बसली, समदं लिवलेलं राह्यते न त्याच्यावर. लई जीव हाय त्याचा माह्यावर!”

“आमच्या म्हशीवरबी बाबाचा जीव हाय. पन ते टिकीट नाई मांगत तिले.”

“जळकुटी!”

“नाई पाठवला तं?”

“मांगं नाई पाठवला, तं त्यानं माहा मोबाईल फोडला. पन नवा देल्ला न! गुलाबी!”

“हो बाई. उद्या भाकर करपली तं तवा फोडन तो. मंग नवा तवा देईन. गुलाबी!”

“चूप व्हय, हसून हसून पोट दुखलं!”

“परवा तुले फोडन. नवी अश्लेषा कोन्या दुकानातून आनन?”

अश्लेषाचा फोन वाजला. आदिलाबादच्या अलीकडचं मावला गाव आलं तरी वाजतच होता.

“नीले, बाबाले मी सांगतो. पत्रिका नाई छापाची.”

“मंग आदिलाबादले जाऊन करू काय?”

“मिरची भजे खाऊ.”

“फोटो पाठवशीन त्याले?”

“पाठवतो न. खाऊन झाल्यावर, रिकाम्या कागदाचा!”