ढोलीतल्या माश्या

रत्नम्मा : ‘चिंचेच्या ढोलीत माशी हाय तवर तिचं पाणी चुकवू नको.’ तुझी आज्जी, माझी सासू, जीव सोडताना एवढंच बोलली, रेवणसिद्धा. अन् आज त्या चिंचेखालून मी पसाभर मेलेल्या माश्या झाडल्या.

रेवणसिद्ध : मग माझ्याकडं काय बघता, काकू?

रत्नम्मा : तुझ्या मधमाश्यांच्या पेट्या आल्यापासून हे सुरू हाय.

रेवणसिद्ध : मी औषध मारलं म्हणता?

रत्नम्मा : मी काही म्हणत न्हाई. लिंगपूजा करून, तोंडात पाणी न घेता आलेय, खोटा आळ घेणार न्हाई.

रेवणसिद्ध : माझ्याबी तीन पेट्यांतल्या माश्या मेल्या. खरं सांगू? तुम्ही चिंचेपाशी पाणी भरून ठेवता, त्या दगडी डोणीचा मला संशय हाय. उदगीर जिल्हा होणार म्हणून पाट्या लागल्या, टँकर काही येईना. दोन कोसांत माश्यांना पाणी तेवढंच. कुणी काय कालवलं असंल.

रत्नम्मा : त्या डोणीत? रोज माझ्या हातानं भरते मी. अन् औषधानं माशी जागेवर मरती. ह्या दोन-दोन दिवस सरपटतात. पंख चुरगळलेले.

रेवणसिद्ध : पंख?

रत्नम्मा : बघ की. पदरात बांधून आणलीय.

(रेवणसिद्ध माशी तळहातावर घेतो. तिचा पंख नखानं उलगडून बघतो.)

रेवणसिद्ध : हा रोग हाय, काकू. विषाणूचा. माझ्या पेट्यांत दिवाळीपासून हाय.

रत्नम्मा : ठाऊक होतं तुला.

रेवणसिद्ध : माणसाला त्याचं काही होत न्हाई, म्हणून बोललो न्हाई. पण माझी माशी परदेशी, ढोलीतली रानची. एकमेकींच्या घरात जात न्हाईत त्या. डोणीवरनं एवढी लागण व्हावी?

रत्नम्मा : दर सोमवारी अभिषेकाला तू पोळ्याचा तुकडा देतोस, तो कुठल्या पेटीतला?

रेवणसिद्ध : त्याच पेट्यांतला. का?

रत्नम्मा : देवापुरता मध काढते. उरलेलं पोळं ढोलीच्या तोंडाशी ठेवते. फुलं न्हाईत औंदा, उपाशी असतील म्हणून.

रेवणसिद्ध : किती सोमवार?

रत्नम्मा : पाच. सगळं चाटून नेलं रे त्यांनी. मला वाटलं, सासूबाईच जेवल्या.

रेवणसिद्ध : मी आधी सांगायला पाहिजे होतं.

रत्नम्मा : अन् मी विचारायला. ढोलीत अजून गुणगुण हाय. बारीक.

रेवणसिद्ध : आजारी पेट्या आजच जाळतो. बाकीच्या अर्धापूरला केळीत नेणार होतो. आता नेत न्हाई. तिथंबी ढोल्या असतील.

रत्नम्मा : चुलीतली राख दे थोडी. अन् आधण ठेव.

रेवणसिद्ध : कशाला?

रत्नम्मा : डोणी घासून काढते. इथून पुढं तुझ्या पेट्यांचं पाणी इथंच, दारात. चिंचेचं तिकडं.

रेवणसिद्ध : म्हणजे दोन खेपा. द्या घागर, मी जातो.

रत्नम्मा : सासूबाईंना शब्द मी दिलाय, बाबा. तू घागर माझ्या डोक्यावर चढव तेवढी.