खडी फोडणारा फादर

माझं नाव द्वारका, आणि वय काय सांगू तुम्हाला ताई, आमच्यात कोण लिहून ठेवतं, पण इंग्रजाचं राज व्हतं तव्हा मी चांगली जाणती पोर व्हते एवढं धरा. आमचं गाव चांदवडच्या अलीकडं, आग्रा रोडपासून आत, डोंगराच्या अंगाला. बाप माझा त्याच रोडवर खडी फोडायचा, आई लोकांच्या कांद्यात निंदायला जायची. आमी महार, घरं गावाबाहेर. गावात शाळा नव्हती असं नाय, व्हती, पण आमच्या पोरांनी दाराबाहेर मातीत बसायचं, मास्तर आतून सांगणार, ऐकू आलं तर आलं, नाय तर नाय. पाऊस आला की बाहेरच्यांची शाळा सुटली. आणि पोरींचं तर नावच नका काढू.

मंग फादर आला. सायकल हातानं ढकलत आला, कारण आमची वाट सायकलवर बसायची नव्हतीच. गोरा, तांबूस दाढी, पांढरा लांब झगा आणि खाली सगळा चिखल. आमाला वाटलं साहेब आला, आमी घरात लपलो. त्यानं माळावर जागा घेतली, पयल्यांदा लिंबाखाली शाळा भरवली, मंग म्हणला भिंती पायजे. भिंती आमच्याच बापांनी रचल्या, तो बी दगड उचलायचा. शाळा झाली त्या दिवशी आमी सवयीनं बाहेरच बसलो, तर तो दारात आला, म्हणला आत ये, मी म्हणलं आत कसं येऊ, तर त्यानं माझ्या बखोटीला धरून न्हेलं आणि पार पुढं, फळ्याजवळ बसवलं. मला रडूच आलं. आनंदाचं नाय, भ्याव वाटलं म्हणून.

मराठी तो आमच्याकडूनच शिकला, म्हणून त्याचं समदं उलटंपालटं. मला म्हणायचा द्वारका तू कधी आला, आणि त्यानं शाळंत हाताखाली ठेवलेल्या देवराम मास्तरला म्हणायचा मास्तर कुठं गेली. आमी तोंडात पदर कोंबून हसायचो. पण शिव्यांसकट आमचीच बोली, लय, नाय, हाय, समदं. एकदा मामलेदार आला तर त्याच्याशी बी तसंच बोलला, लय ऊन हाय, बसा. मामलेदाराला कळंना हा गोरा आपली थट्टा करतो का काय.

चांगला व्हता म्हणून देवमाणूस नव्हता हं. रागीट लय. नखं काळी दिसली की पट्टी बसायची बोटावर. मला बी बसली. खरजेच्या पोरांना गंधकाचं मलम चोळायचा, उवांना घासलेट, शाळंत शिरलं की त्याचाच वास. धर्माचं म्हणाल तर काही घरं ख्रिस्ती झाली, आमी नाय झालो. बापानं त्याला तोंडावर सांगितलं, पोरगी शिकव, आमचा देव ऱ्हाऊ दे. तो म्हणला बरं. मनात काय व्हतं त्याच्या ते मला काय ठाऊक, पण मला त्यानं शाळंतून काढलं नाय.

मी तिसरीत व्हते तव्हा विंचूरकडून मला मागणी आली. घर बरं व्हतं, पण ती माणसं म्हणली आमाला शाळंतली पोरगी नको, आत्ताच बंद करा. बाप म्हणला उद्यापासून जायचं नाय. चार रोज मी दिसले नाय तशी फादर घरी आला, लय वाद घातला, बाप ऐकंना, आणि शेवटी बाप बोलून गेला, तुमाला लेकी नाय, तुमाला काय कळायचं. फादर तसाच उठला आणि गेला, पाणी बी पिला नाय.

दुसऱ्या दिवशी मी बापाची भाकर घेऊन रोडवर गेले तर काय बघते, फादर खडीच्या ढिगाजवळ बापाशेजारी बसलाय आणि हातोडीनं दगड फोडतोय. बोलत नाय का काय नाय. बाप बी खाली मान घालून फोडतोय. मुकादम लांब उभा, त्याला हाकलावं का सलाम करावा कळंना. परत दुसऱ्या दिवशी तेच. हाताला फोड आले, फडकं बांधलं आणि फोडतोच. बायामाणसं येऊन बघायला लागली. बाप आईला म्हणला याला कसं सांगू, लोकं हसतेत. आई म्हणली मला नको सांगू, त्याला सांग.

तिसऱ्या का चौथ्या दिवशी बाप म्हणला, उठा फादर, चौथी होऊ दे तिची. मी विंचूरवाल्यांना थांबवतो, नाय थांबले तर दुसरं घर बघू. फादर म्हणला शब्द? बाप म्हणला शब्द. मंग दोघांनी मी आणलेली भाकर खाल्ली, एकाच फडक्यावरची. आमच्या बापाच्या फडक्यावरची भाकर कोण खायचं हो तव्हा.

चौथीचं निम्मं वर्ष झालं व्हतं, बाजरी निसवून कणसं बाहेर आली व्हती, तव्हा मोटार आली. एक गोरा साहेब आणि आपले दोन पोलीस. मास्तर म्हणला लढाई लागली, जर्मनी आणि इंग्रजाची. आमाला काय ठाऊक, गोरा म्हणजे इंग्रज एवढंच. तव्हा कळलं का आमचा फादर जर्मन. गोरा गोऱ्याला धरायला आलाय हेच मुळी डोक्यात शिरंना. फादर त्या टायमाला एका पोराच्या कानात औषध घालत व्हता. पोलिसाला म्हणला थांब, दुसरा कान राहिला. ते थांबले बी.

साहेबानं मला उभं केलं, मोठी मीच दिसत व्हते. पोलिसानं इचारलं, हा तुमाला काय शिकवतो, सरकारला शिव्या देतो का, तिकडच्या राजाचं सांगतो का. मी म्हणलं पाढे शिकवतो. आणखी काय. म्हणलं धडे वाचायला शिकवतो, आणि नखं काढा म्हणतो. पोलीस हसला, त्यानं साहेबाला सांगितलं, साहेब बी जरा हसला, मला वाटलं आता सोडतेत. पण हुकूम तो हुकूम. एक पिशवी घेऊ दिली त्याला. मोटारीत बसताना मास्तरला ओरडून म्हणला, शाळंमागल्या इहिरीवर फळ्या टाक, पोरं पडतील. आमचं नाव नाय घेतलं, रडला नाय, काय नाय. आमी मोटारीमागं रोडपत्तोर पळालो. धूळ लय उडाली, त्यात दिसलाच नाय तो परत.

मास्तरनं शाळा चालवली थोडे दिवस. पण लोकं भ्यायली, म्हणली आपल्या पोरांना बी पोलीस न्हेतील, आणि गावातली बोलायला लागली का हा गुप्तहेर व्हता. पोरं गळत गेली. मी जायचे, बाप स्वतः मला सोडायला यायचा, शब्द दिला व्हता ना. शेवटी मास्तर आणि आमी चौघं-पाच जण उरलो, आणि एक दिवस मास्तर म्हणला आता मला बी पोट हाय. त्यानं कडी लावली. बाप त्या कडीकडं बघत उभा ऱ्हायला. मला म्हणला, द्वारके, मी शब्द मोडला नाय, शाळाच मोडली, आता मी काय करू. मी म्हणलं काय नाय, चला घरी.

चैतात लगीन झालं. विंचूरवाल्यांनी नाद सोडला व्हता, हे दुसरं घर. पुढं काय, समद्यांचं व्हतं तेच. धनी खडीवरच कामाला, तो लवकर गेला, मंग मी कांदा निवडायला जायचे, वाकून वाकून पाठ गेली ती गेलीच. पोरगा शिकला, सातपूरला कारखान्यात लागला, म्हणून आमी इकडं आलो.

मागच्या साली आमी जुनी पोरं जमलो व्हतो तिथं माळावर. पोरं म्हणते, समदे म्हातारे, कुणाला दिसत नाय, कुणाला ऐकू येत नाय. नवा फादर आला व्हता, आपलाच, मराठी माणूस. शाळंच्या भिंती उभ्या हायेत, वर छप्पर नाय. आठवणी काढायला बसलो तर भांडणंच. माझी मैतरीण चिमा म्हणली तो लय उंच, दुसरा म्हणला माझ्याएवढाच. कुणी म्हणलं आमाला कधी मारलं नाय, तर एक जण म्हणला माझं बोट अजून वाकडं हाय त्याच्यापायी. कुणी म्हणलं तो कैदंत मेला, कुणी म्हणलं लढाई सरल्यावर त्याच्या देशाला गेला. खरं काय, देव जाणे.

मंग नवा फादर म्हणला, आपण त्यांच्यासाठी प्रार्थना करू, नाव काय त्यांचं. आणि काय सांगू ताई, समदी एकमेकांच्या तोंडाकडं बघायला लागलो. नाव कुणाला ठाऊकच नव्हतं. आमी फादर म्हणायचो, मास्तर बी फादरच म्हणायचा, आणि मास्तर तर कधीच गेला. ज्यानं मला हाताला धरून आत बसवलं त्याला मी कधी नाव इचारलं नाय. नवा फादर म्हणला मोठ्या ऑफिसात इचारून कळवतो. अजून तरी कळवलं नाय. तोवर त्या दिवशी नावाशिवायच प्रार्थना झाली. मी बी हात जोडले.

आता दमले बाई. नातीची शाळा सुटायची येळ झाली, तिला आणायला जाते, गुडघा साथ देत नाय तरी मीच जाते. सुनबाई म्हणती तुम्ही बसा. बसून काय करू. ती पोरगी पळत येती, दप्तर माझ्याकडं फेकती, काय काय सांगती, मला निम्मं कळत नाय. शिकू द्या तिला. तुमच्या बी लेकरांना शिकू द्या ताई, चांगली ऱ्हावोत. त्या फादरचं बी, जिथं असंल तिथं, बरं होवो.