शुक्रवारच्या दिव्यांपाशी

चष्म्याच्या दुकानात नंबर येईपर्यंत माझ्या शेजारच्या दोघी बहिणी बोलत होत्या.

"मग, शुक्रवारी आणलंस त्याला घरी?"

"आणलं, ताई. आणि त्याने घोळ घातला."

"म्हणजे?"

"आईने दिवे लावले, तोच हा वाइनचा पेला घेऊन उभा राहिला. अख्खी हिब्रू प्रार्थना पाठ करून आला होता!"

"अगं, आपल्याकडे प्रार्थना म्हणत नाहीत, हे सांगितलं नव्हतंस?"

"आम्ही ज्यू आहोत, एवढंच सांगितलं होतं. देव न मानताही ज्यू असतात, हे त्या बिचाऱ्याला कुठून सुचणार?"

"दिवे लावायचे, आठवड्यात कोणी आपलं भलं केलं ते सांगायचं, मग जेवायचं. बाबांनी तर देवाला आपल्या जन्माआधीच घराबाहेर काढलं."

"म्हणून तर मी आधी बाबांकडे बघितलं. बाबा आपले ताटाकडे बघत बसलेले. वाटलं, झालं आता आमचं लग्न! आणि अर्ध्यावर हा अडकला."

"अरे देवा!"

"देवाला मध्ये आणू नकोस. पुढची ओळ बाबांनी सांगितली."

"आपल्या बाबांनी?"

"मान वर न करता. मग शेवटपर्यंत दोघांनी मिळूनच म्हटली."

"नंतर काही बोलले?"

"म्हणाले, देव नाहीच. पण पोरगं अडकलं होतं ना."

"आणि कोणी भलं केलं, ते सांगायची त्याची पाळी आली तेव्हा?"

"त्याने बाबांकडे बोट दाखवलं."

"या शुक्रवारी येतोय का?"

"बाबांनी त्याची खुर्ची आत्ताच स्वतःच्या शेजारी ओढून ठेवलीये. म्हणतात, पुन्हा अडकला तर?"