गळत्या गाडीची जागा

आईशप्पथ, अगदी खरं सांगतोय. म्हणजे, पप्पांना विचारू नकोस, ते नाही म्हणतील.

त्यांच्या जुन्या टर्बो डिझेल गाडीचे ऑइल सील गळायचे. बिल्डिंगखाली पार्किंग कोणाच्याच नावावर नाही, पण पप्पांच्या नेहमीच्या जागेवर कायम ऑइलचं काळं डबकं. शेवटी केबिन रोडच्या मेकॅनिककडून इंजिन खोलून सगळे सील बदलले. मग एक थेंब पडेना. पप्पांनी खुशीत जागा घासून धुतली.

दुसऱ्या दिवशी ऑफिसातून आले, तर तिथे भलत्याचीच गाडी. इतकी वर्षं चपला खराब होतात म्हणून तिथे कोणी लावत नव्हतं!

पप्पा तडक मेकॅनिककडे. "पुराना सील वापस लगा."

"अंकल, लोग लीकेज बंद कराने आते हैं."

"मेरी पार्किंग गयी ना!"

हसतोयस काय? ती गाडी तुझीच होती. चहाचे पैसे काढ.